अभ्यास आणि अधिकार

मृगाचे दोन मोठे पाऊस होऊन गेले होते, रानाला वाफसा येत होता, आणि नांदेड जिल्ह्यातल्या कंधार तालुक्यात मन्याड नदीच्या काठच्या एका लहानशा गावी, मारुतीच्या पारावर, कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाचे चार विद्यार्थी गावकऱ्यांना सोयाबीनच्या उगवणक्षमतेची चाचणी करून दाखवीत होते. ओल्या गोणपाटावर दहा-दहा बियांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरे ओले गोणपाट अंथरायचे, त्याची वळकटी करून सावलीत ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचे आणि सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब आलेल्या बिया मोजायच्या. शंभरांत सत्तर उगवल्या तर हेक्टरी ७५ किलो बियाणे पुरेसे, त्याहून कमी उगवल्या तर त्या हिशेबाने प्रमाण वाढवायचे, असा सारा तपशील ती मुले तन्मयतेने सांगत होती आणि त्यात चूक काहीच नव्हती. त्यांचे सांगणे संपल्यावर, इतका वेळ गप्प बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने गोणपाटावरचा एक दाणा उचलला, अंगठ्याने हलकेच चोळून पाहिला आणि मायेने विचारले, "लेकरांनो, ह्ये समदं बराबर हाय; पर तुमी कधी तिफन धरलाव का?" चौघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि त्यांतला एक, जो स्वतः शेजारच्या तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा होता, खाली मान घालून म्हणाला, "नाही, काका."

त्या वृद्धाच्या प्रश्नात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे, आणि तो शेतीच्या शिक्षणापुरता मर्यादित नाही, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. जे बुद्धीला उमगले पण हातात उतरले नाही, त्याला ज्ञान म्हणावे काय? आणि ज्याच्या हातात ते उतरलेले नाही, त्याला दुसऱ्यास उपदेश करण्याचा अधिकार प्राप्त होतो काय? आपल्याकडे या प्रश्नाचा विचार मोक्षविद्येच्या संदर्भात फार सूक्ष्मपणे झाला आहे. अन्नविद्येच्या संदर्भात तो तितक्याच गांभीर्याने करावा, अशी माझी इच्छा आहे.

शंकराचार्यांनी ज्ञान आणि क्रिया यांमध्ये एक स्पष्ट सीमारेषा आखली. ज्ञान हे वस्तुतंत्र आहे, म्हणजे वस्तू जशी असेल तसेच ते होते, त्यात माणसाच्या इच्छेला वाव नाही. क्रिया मात्र पुरुषतंत्र आहे, माणूस ती करील, न करील किंवा निराळ्या रीतीने करील. ब्रह्मविचारात या भेदाचे मोल मोठे आहे; परंतु शेतात उतरल्यावर या दोन कोटींपैकी कोणत्याही एकीत न मावणारी एक तिसरी गोष्ट समोर येते, आणि तिला आपण कौशल्य म्हणतो. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडणारी बाई बी किती वेगाने सोडते हे तिच्या हातात आहे, म्हणून ती क्रिया पुरुषतंत्र खरी. पण बैलांची चाल, मातीची ओल आणि दाण्याचा आकार यांना तिची मूठ क्षणोक्षणी जे उत्तर देत असते, ते तिच्या मर्जीने ठरत नाही, ते मातीच ठरवते, आणि त्या अर्थाने तिच्या मुठीत वस्तुतंत्र असे ज्ञानच नांदत असते. हे ज्ञान शब्दांत पूर्णपणे मांडता येत नाही, याचा अर्थ ते हलक्या प्रतीचे आहे असा होत नाही. त्याचे प्रमाण प्रत्यक्ष आहे, आणि महाविद्यालयाच्या वर्गात जे मिळते त्याचे प्रमाण प्रायः शब्द आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग शब्दाने मिळालेले हातात उतरावे कसे? याचे उत्तर मराठी विद्यार्थी ज्या शब्दाचा उच्चार दिवसातून दहा वेळा करतो त्याच शब्दात आहे. अभ्यास म्हणजे आज आपण पुस्तक वाचणे समजतो. मुळात अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा करणे. पतंजलीच्या योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी घातलेल्या आहेत: तो दीर्घकाळ व्हावा, त्यात खंड पडू नये, आणि तो आदरपूर्वक व्हावा, असे झाले म्हणजे तो दृढभूमी होतो. भूमीचाच व्यवसाय शिकणाऱ्यांना याहून समर्पक कसोटी मिळणे कठीण, म्हणून या तीन अटींवर आपले कृषिशिक्षण घासून पाहू.

पहिली अट दीर्घकाळाची. विद्यार्थ्याच्या हाताला काम मिळाले पाहिजे हा विचार आपल्या देशात कोणी मांडलाच नाही, असे नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना देशापुढे ठेवली. १९४८-४९ मध्ये विद्यापीठ शिक्षण आयोगाचे अध्यक्ष असलेल्या राधाकृष्णन यांनी, जे व्यवसायाने तत्त्वज्ञ होते, ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला. आणि १९९२ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या रंधावा समितीने कृषी पदवीच्या विद्यार्थ्याने गावात राहून शेतकऱ्याच्या सहवासात शिकावे अशी शिफारस केली, तिचेच फलित म्हणजे आजचा ग्रामीण कृषी कार्यानुभव. १८ मे १९७२ रोजी परभणीस स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईकांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी याच योजनेखाली सातव्या सत्रात नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांत येतात. गावकरी त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या या नावांनी ओळखतात, आणि ही नावे सुंदर आहेत. पण दूताचा गावातला मुक्काम असतो काही आठवड्यांचा. सोयाबीन काढणीस येण्यास साधारण ९५ ते १०५ दिवस लागतात, कापूस आणि तूर यांना त्याहून पुष्कळ अधिक. ज्याने पेरणी पाहिली पण मळणी पाहिली नाही, त्याने आरंभीच्या निर्णयाचा शेवट पाहिला नाही. आणि कर्माचे फळ न पाहता कर्म समजले असे म्हणणे, हे निष्काम कर्म नव्हे, अपुरे कर्म आहे.

दुसरी अट नैरंतर्याची, आणि येथे एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. कृषी महाविद्यालयात येणारी पुष्कळशी मुले शेतकऱ्यांचीच असतात, शेतकाम ती घरी शिकतात, महाविद्यालयाने त्यांना शास्त्र द्यावे, असे सांगितले जाते. एके काळी हे खरे असेल. आज मात्र आमच्या भागातला शेतकरी पोटाला चिमटा घेऊन मुलाला दहावीनंतर, कित्येकदा त्याही आधी, लातूरला किंवा नांदेडला शिकवणीसाठी ठेवतो. ज्या वयात बापाच्या मागे चालत कोळपे धरायचे, डवरणीची खोली पायाला कळायची, बैलाच्या डोळ्यांवरून त्याचा शीण ओळखायचा, त्या वयाची वर्षे त्या मुलाने वसतिगृहाच्या खोलीत प्रश्नपत्रिका सोडवण्यात घालवलेली असतात. शिकवणीच्या लातूर पॅटर्नने या दुष्काळी मुलखातल्या हजारो घरांना वर काढले, त्याबद्दल कृतज्ञताच बाळगली पाहिजे; परंतु त्याची किंमत म्हणून शेतकऱ्याच्या घरातली हाताची परंपरा मध्येच तुटली, आणि तो तुटलेला धागा पुन्हा जोडण्याची जबाबदारी आता महाविद्यालयावर येऊन पडली आहे, हे मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला लातूर-नांदेडकडची घरेच्या घरे रानात जातात, कडब्याची कोप उभारतात, पांडवांची पूजा करतात, भज्जी आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवून साऱ्या गोतावळ्यासह रानातच जेवतात. त्या एका दिवसासाठी गावी आलेला कृषी पदवीचा विद्यार्थी आपल्याच रानात पाहुण्यासारखा वावरताना मी पाहिला आहे, आणि त्यात त्या मुलाचा दोष मुळीच नाही.

तिसरी अट आदराची, आणि ती सर्वांत कठीण. आपल्या समाजाने अक्षर आणि माती यांची फारकत फार प्राचीन काळी केली. द्यूतकाराला फासे सोडून शेती कर असे सांगणारे सूक्त ऋग्वेदात आहे, कृषिपराशरासारखा केवळ शेतीला वाहिलेला संस्कृत ग्रंथ आहे. पण लोखंडी फाळ भूमीला आणि भूमीतल्या जीवांना दुखावतो म्हणून शेतीची वृत्ती निंद्य मानणारा विचारही मनुस्मृतीत आहे. ज्याच्या हाती लेखणी त्याने नांगराला शिवायचे नाही आणि ज्याच्या हाती नांगर त्याला लेखणी मिळू द्यायची नाही, ही व्यवस्था शतकानुशतके टिकली, आणि तिचे दुष्परिणाम महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये शेतकऱ्याच्या दैन्याशी नेमके जोडून दाखवले. आजचा कृषी पदवीधर बहुधा नांगराच्याच घरातून आलेला असतो. पण पदवी म्हणजे मातीतून सुटका, ही समजूत त्याच्या मनात त्या जुन्या व्यवस्थेनेच पेरलेली आहे, आणि म्हणून स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडताना त्याला जो अभिमान वाटतो, तो खुरपे हाती घेताना वाटत नाही.

वास्तविक आमच्या या भूमीला श्रमाचे अध्यात्म परके नाही. लातूरच्या सीमेला लागून असलेल्या बसवकल्याणात बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायकाचा सिद्धांत मांडला. शरीराने केलेले प्रामाणिक काम हीच उपासना, आणि गुरूलाही त्यातून सूट नाही, असे त्या परंपरेने मानले. नांदेडात १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. त्यांच्या परंपरेचे आद्य गुरू नानकदेव यांनी देशोदेशीचे प्रवास संपवून, रावीकाठच्या करतारपूरला आयुष्याची अखेरची वर्षे स्वतः शेती करण्यात घालवली. आणि अरणच्या सावता माळ्याला तर विठ्ठल भेटला तो मळ्यातच, असे वारकरी संप्रदाय शतकानुशतके श्रद्धेने सांगत आला आहे. या तिन्ही परंपरांत श्रम हा साधनेतला अडथळा ठरलेला नाही. तो साधनाच आहे. आदरासाठी पतंजलीने योजलेल्या सत्कार या शब्दाचा अर्थ शेतीच्या बाबतीत हाच होऊ शकतो.

आता अधिकाराकडे वळतो. ब्रह्मविद्या शिकवणारा गुरू श्रोत्रिय असावा आणि ब्रह्मनिष्ठही असावा, अशी दुहेरी अट मुंडकोपनिषदाने घातली आहे. त्याने शास्त्र ऐकलेले, पचवलेले असावे, आणि ज्याविषयी शास्त्र बोलते त्यातच त्याची स्थिती असावी. केवळ श्रोत्रिय असून भागत नाही. कृषी पदवीधर उद्या कृषी खात्यात नोकरीस लागतो, बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासतो, कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसून औषधाची मात्रा सांगतो, म्हणजे तो कळत-नकळत गुरूच्या आसनावर बसतो. आणि त्याच्या उपदेशातल्या चुकीचा दंड त्याच्या जमिनीला होत नाही, दुसऱ्याच्या जमिनीला होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ही घटना प्रत्येक कृषी विद्यार्थ्याने विसरू नये अशी आहे. त्या दुर्दैवाची कारणे अनेक होती. पण पाठीवरचा पंप घेऊन, वाऱ्याची दिशा पाहून, नोझल निवडून, ठराविक क्षेत्रात किती पाणी जाते हे मोजून, हातमोजे आणि मुखपट्टी घालून भर उन्हात कपाशीच्या छातीएवढ्या झाडीतून चालणे म्हणजे काय, हे ज्याने स्वतः अनुभवले आहे, त्याचा सल्ला आणि ज्याने ते केवळ तक्त्यात वाचले आहे त्याचा सल्ला, यांत माणसाच्या जिवाएवढे अंतर पडू शकते. म्हणून प्रात्यक्षिक हा अभ्यासक्रमाचा अलंकार आहे असे मी मानत नाही. उपदेश करण्याचा नैतिक अधिकार त्यानेच सिद्ध होतो.

याचा अर्थ शास्त्र गौण आहे असा कोणी घेऊ नये. केवळ हाताची परंपराही आंधळी होते. ज्या वृद्धाने मुलांना प्रश्न विचारला, तो स्वतः कित्येक वर्षे बीजप्रक्रिया न करताच पेरत आला होता, हे त्यानेच पुढे कबूल केले. दोहोंचा संगम झाला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने सिद्ध केलेला एनएचएच-४४ हा संकरित वाण, ज्याला शेतकरी नांदेड-४४ म्हणूनच ओळखत, कोरडवाहू कापसाच्या मुलखात घरोघरी पोहोचला. त्यामागे आनुवंशशास्त्र होते हे खरे, पण त्या वाणाचे बियाणे तयार व्हायचे ते सायंकाळी एकेका कळीतले पुंकेसर नखाने अलगद काढून, दुसऱ्या सकाळी त्याच फुलावर दुसऱ्या वाणाचे पराग लावणाऱ्या हातांनी, आणि ते हात बहुधा शेतमजूर बायकांचे असत. कंधारचे नाव सर्वदूर नेणारा लाल कंधारी बैल कोणत्या प्रयोगशाळेत जन्मला? पिढ्यान् पिढ्या वळू निवडणाऱ्या निरक्षर डोळ्यांनी तो घडवला. किल्ल्याजवळचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र, ज्याच्या पाण्याकडे पाहत कंधारच्या कित्येक पिढ्या वाढल्या, त्याचा बांध घालणाऱ्यांनी आपले ज्ञान लिहून ठेवले नाही. ते त्यांच्या हातांत होते आणि आज ते बांधात आहे.

यंत्रे आल्यावर हाताचे ज्ञान अनावश्यक होईल, असेही म्हणणारे आहेत. तिफण जाईल, कदाचित गेलीच आहे. तिच्या जागी ट्रॅक्टरला जोडलेले रुंद वरंबा-सरीचे यंत्र आले आहे. पण सोयाबीनचे बी तीन ते पाच सेंटीमीटरच्या खाली गेले तर ते वर येण्यास धडपडते, हा नियम तिफणीपुरता नव्हता. यंत्राची खोली किती ठेवायची, बियाण्याची तबकडी कोणती बसवायची, भारी रानात आणि मुरमाड माळावर त्यात कोणता बदल करायचा, हे त्या त्या रानात उतरूनच ठरवावे लागते; यंत्राने चूक टळत नाही, उलट एका दिवसात ती दहा एकरांवर पसरते.

तेव्हा महाविद्यालयांच्या चालकांस आणि अध्यापकांस माझी विनंती अशी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून जमिनीचा लहानसा का होईना एक तुकडा द्यावा, आणि नांगरट ते मळणी असा एक संपूर्ण हंगाम तो त्याच्या एकट्याच्या नावावर असावा. माती परीक्षणासाठी व्ही आकाराचा वीत-सव्वा वीत खोल खड्डा घेऊन, ढीग चौथाई करत करत अर्धा किलोवर आणणे त्याने दहा ठिकाणी स्वतः करावे. डोळा भरणे, कलम बांधणे, ठिबकाची चोंदलेली तोटी मोकळी करणे, पंपाचे किरकोळ दुरुस्तीकाम, जनावराचे दात पाहून वय सांगणे, या गोष्टींची परीक्षा कागदावर घेऊ नये. त्याने आपल्या तुकड्याची कीर्द-खतावणी ठेवावी, बियाण्याचा, खताचा, मजुरीचा खर्च आणि आलेले उत्पन्न मांडावे, माल घेऊन स्वतः आडतीवर जावे आणि भाव पडतो म्हणजे काय होते हे एकदा तरी उभे राहून पाहावे. गावातील कार्यानुभवाची मुदत पिकाच्या मुदतीशी जुळवावी, आणि त्याच्या गुणपत्रकात, ज्याच्या रानात तो राबला त्या शेतकऱ्याच्या शब्दालाही वजन असावे. अध्यापकांनी आपला स्वतःचाही एक तुकडा विद्यार्थ्यांच्या तुकड्याशेजारी कसावा. कारण आदर हा सांगून शिकवता येत नाही, तो केवळ दिसतो आणि मग अंगी लागतो. यांतल्या काही गोष्टी काही ठिकाणी होतही असतील. त्या सर्वत्र व्हाव्यात.

आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की, त्या दिवशी पारावर त्या मुलाने दिलेले "नाही, काका" हे उत्तर मला लाजिरवाणे वाटले नाही. ते खरे होते, आणि खऱ्या ज्ञानाचा आरंभ अशाच कबुलीत असतो. त्या वृद्धाने त्यावर म्हटले, "मंग सकाळी या आमच्या रानात." गावात ट्रॅक्टरने पेरणाऱ्यांची रीघ लागली असतानाही त्याने आपली लाल कंधारी बैलजोडी मोडलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघेही गेले. चाड्यावर म्हाताऱ्याची पत्नी मूठ धरून चालत होती आणि तिफण त्या मुलाच्या हाती होती. त्याने ती जोर लावून दाबली, आपण नीट पेरतो आहोत या समजुतीने फार खोल दाबली, आणि म्हाताऱ्याने तिफणीची चार तासे झाल्यावर मातीत बोट खुपसून, ओल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत माती दाखवून, काही न बोलता त्याच्या हातावर आपला हात ठेवला. पुढच्या तासांत फण हलका चालला.

आठवड्याने उगवण झाली. गोणपाटात उत्तम उगवलेले तेच बियाणे बाकीच्या रानात दाट उगवले होते. पहिल्या चार तासांत मात्र जागोजागी खांडण्या पडल्या होत्या. तो मुलगा खाली बसला आणि त्या खांडण्या त्याने एकेक करून मोजल्या. नंतर म्हाताऱ्याकडून मूठभर बी मागून घेऊन त्या त्याने स्वतःच्या हाताने भरल्या, आणि या वेळी प्रत्येक दाणा बोटाच्या एकाच पेराइतका खोल टोकला.